सेकंडहँड डॉमिनो घ्यायला निघालात? दोन फळ्या सोबत घ्या

एका साध्या लाकडी खुर्चीत किती सांधे असतात ते कधी मोजून बघा. बैठकीच्या चार पट्ट्यांचे आठ, खालच्या चार आडव्या दांड्यांचे आठ, पाठीच्या दोन पट्ट्यांचे चार. झाले वीस. प्रत्येक सांध्याला एका तुकड्यात खोबण, म्हणजे लांबट भोक, आणि दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारी जीभ, म्हणजे कुसू. पटाशी आणि हातोडी घेऊन बसणाऱ्या चांगल्या मिस्त्रीलाही सहा खुर्च्यांचा सेट म्हणजे एकशे वीस सांधे काढायचे असतात. हे गणित एकदा केले की सांध्यांच्या खोबणी झटपट पाडणाऱ्या डॉमिनो नावाच्या यंत्राचे नाव लाकूडकामात इतक्या आदराने का घेतात ते कळते.

हा लेख वर्कशॉप नुकतेच सुरू केलेल्यांसाठी आहे. नवीन डॉमिनो परवडत नाही, वापरलेला मिळतोय, घ्यावा का आणि घेताना काय बघावे, हे मला वारंवार विचारले जाते. माझे उत्तर असे, की घ्या, पण यंत्राच्या चकाकीवर पैसे देऊ नका. या यंत्राची सगळी किंमत त्याच्या अचूकपणात आहे आणि अचूकपणा डोळ्यांनी दिसत नाही. तो फळीत खोबण पाडूनच बघावा लागतो.

आधी यंत्र समजून घ्या

डॉमिनो हे जर्मनीतल्या वेंडलिंगेन इथल्या फेस्टूल कंपनीचे यंत्र. कंपनीची सुरुवात १९२५ सालची. यंत्राच्या तोंडाशी ड्रिलच्या बिटासारखा कटर असतो. तो मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेतो आणि त्याच वेळी घड्याळाच्या लंबकासारखा डावी-उजवीकडे झुलतो. यंत्र फळीला टेकवून पुढे दाबले की दोन्ही टोकांना गोल अशी लांबट खोबण तयार होते. समोरच्या तुकड्यातही तशीच खोबण पाडायची आणि मधे बीच लाकडाचा तयार, सुटा कुसू फेविकॉल लावून ठोकायचा. म्हणजे कुसू कापायचे काम संपले, फक्त खोबणी राहिल्या. एक खोबण पडायला काही सेकंद लागतात.

इथेच एक सावधगिरी. ऑनलाइन जाहिरातींत ‘डॉमिनो’ म्हणून बिस्किट जॉइनर सर्रास विकायला ठेवलेले असतात. बिस्किट जॉइनरमध्ये करवतीसारखे छोटे गोल पाते असते आणि त्याची चीर चंद्रकोरीसारखी पडते. बिस्किट दोन फळ्या एका पातळीत ठेवायला उपयोगी, पण खुर्चीच्या पायाचा भार त्याच्यावर टाकू नये. शिवाय ट्रिमरला, म्हणजे हातात धरायच्या छोट्या राऊटरला, जोडायचे स्वस्त ‘डॉमिनो अटॅचमेंट’ही मिळतात. ती वेगळी वस्तू आहे, तिला फेस्टूलचा भाव देऊ नका. फोटोत पाते दिसतेय की बिट, एवढे बघितले तरी अर्ध्या जाहिराती गळतात.

पहिली पायरी: ५०० की ७००

बाजारात दोन आकार आहेत. लहान डीएफ ५००, मोटर ४२० वॉटची, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. त्याला ४, ५, ६, ८ आणि १० मिलिमीटरचे कटर लागतात आणि खोबण जास्तीत जास्त २८ मिलिमीटर खोल जाते. मोठा डीएफ ७००, मोटर ७२० वॉट, वजन पाच किलोच्या वर, कटर ८ ते १४ मिलिमीटर आणि खोली ७० मिलिमीटरपर्यंत.

खुर्च्या, टेबले, कपाटाच्या चौकटी, शटर करणार असाल तर ५००. सागवानी दरवाजे, पलंग, मोठी डायनिंग टेबले हाच मुख्य धंदा असेल तर ७००. ‘मोठे घेतले म्हणजे लहान कामही होईल’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. ७०० वजनाने जड, पातळ पट्टीवर टेकवायला अवघड, आणि दोघांच्या कटरची आट्यांची मापे वेगळी असल्यामुळे ५०० चे कटर त्याला ॲडॅप्टरशिवाय बसत नाहीत. नवख्याने एकच घ्यायचा तर ५०० घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि तुमचे काम मुख्यतः प्लायचे मॉड्यूलर किचन असेल, तर आधी थांबून विचार करा. तिथे स्क्रू आणि मिनीफिक्सवर, म्हणजे फळ्या आवळून जोडायच्या तयार फिटिंगवर, धंदा उत्तम चालतो. तेच पैसे चांगल्या ट्रॅक-सॉमध्ये (रुळावर सरकणारी करवत) किंवा एज-बँडिंगमध्ये (प्लायच्या कडांना पट्टी चिकटवणे) घातले तर लवकर वसूल होतील.

दुसरी पायरी: नवीन आणि जुन्यातला खरा फरक काढा

हा हिशेब बहुतेक जण चुकवतात. तुमच्या वर्कशॉपची जीएसटी नोंदणी असेल, तर नवीन यंत्रावर भरलेला १८ टक्के जीएसटी इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळू शकतो. एखाद्या नोंदणी नसलेल्या माणसाकडून जुने घेतले तर ते क्रेडिट नाही. उदाहरणापुरते आकडे धरू. नवीन यंत्र करासह १,१८,००० रुपयांना आहे आणि जुने ८५,००० ला मिळतेय. वरवर बचत ३३,००० ची. पण नव्याचे १८,००० क्रेडिटमधून सुटणार असतील तर नवीन तुम्हाला लाखालाच पडले. खरी बचत १५,००० ची. त्या पंधरा हजारांसाठी वॉरंटी सोडायची का, हा प्रश्न मग वेगळा दिसतो. तुमच्या सीएला एकदा विचारा आणि मगच जाहिराती बघायला बसा.

नोंदणी नसेल किंवा लाकूडकाम छंद म्हणून करत असाल, तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही. तुमच्यासाठी जुने यंत्र हा खरोखर स्वस्त मार्ग आहे.

तिसरी पायरी: व्होल्टेज

भारतातल्या बऱ्याच जुन्या डॉमिनोंचा उगम परदेशात असतो. कुणाचा भाऊ न्यू जर्सीहून येताना आणतो, कुणी दुबईतले वर्कशॉप बंद करून सामान घेऊन येतो. अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचे असते. इंग्लंडमध्ये बांधकामाच्या साइटवर वापरायचे ११० व्होल्टचे मॉडेलही असते. आपला पुरवठा २३० व्होल्टचा. अमेरिकन यंत्राला नुसती दुसरी वायर किंवा प्लग लावून आपल्या सॉकेटमध्ये घातले तर मोटर आणि आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट दोन्ही जळतात.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, की यंत्राच्या पाटीवर किती व्होल्ट लिहिले आहेत. पाटीचा फोटो मागवा, तोंडी उत्तर चालणार नाही.

१२० व्होल्टचे यंत्र घेऊच नका, असे मी म्हणत नाही. व्होल्टेज कमी करणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर ते चालते. ५०० साठी निदान १ केव्हीए, ७०० साठी दीड ते दोन केव्हीएचा तांब्याच्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रवासात वापरतात ते हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर मात्र या यंत्राला लावू नका, त्यातून निघणारा करंट यंत्राच्या सर्किटला मानवत नाही. ट्रान्सफॉर्मरची किंमत आणि साइटवर तो धूड उचलून न्यायचा त्रास, दोन्ही भावात मोजा. आणि वर्कशॉपमधला पोरगा कधीतरी घाईत यंत्र सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये घालेल, ही भीती धरूनच चाला. त्या प्लगचे तोंड असे ठेवा की ते फक्त ट्रान्सफॉर्मरमध्येच बसेल.

चौथी पायरी: फोनवरचे चार प्रश्न

बिल आहे का? कशावर वापरले, घन लाकूड, प्लाय की एमडीएफ? व्हॅक्यूम जोडून वापरले का? कधी पडले आहे का?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून यंत्राच्या तब्येतीचा बराच अंदाज येतो. डॉमिनो व्हॅक्यूमशिवाय चालवला तर भुसा खोबणीतच दाबला जातो, खोबण पूर्ण खोल जात नाही, आणि बारीक धूळ यंत्राच्या सरकत्या दांड्यांवर व आतल्या झुलत्या भागात जाऊन बसते. ‘व्हॅक्यूम कशाला, फुंकर मारली की झाले’ असे उत्तर आले तर यंत्र बघायला जा, पण दर कमी धरून जा.

चौथ्या प्रश्नाला सगळेच ‘नाही’ म्हणतात. तरी विचारा. उत्तर द्यायला लागलेला वेळही काही सांगून जातो.

आगाऊ पैसे कुणालाही पाठवू नका. ‘माझी बदली झाली आहे, माल पॅक करून ठेवलाय, फक्त टोकन द्या’ असे म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. आणि पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पाचवी पायरी: पिशवी भरा

बघायला जाताना सोबत हे न्या:

- सुकलेल्या, रंधा मारून सरळ केलेल्या लाकडाच्या दोन फळ्या, प्रत्येकी साधारण दीड फूट लांब, चार इंच रुंद आणि पाऊण ते एक इंच जाड. सागवानाचे तुकडे चालतील, ओले लाकूड नको.
- कंपनीचे अस्सल बीचचे कुसू, निदान पाच-सहा. ओळखीच्या वर्कशॉपमधून मागून घ्या.
- त्याच मापाचा चांगला धारदार कटर मिळाला तर उत्तम.
- गुण्या, डिजिटल व्हर्नियर, लोखंडी पट्टी, पेन्सिल, दोन क्लॅम्प, टॉर्च.
- ८ मिलिमीटरचा पाना.

दिवसाउजेडी जा. मी माझा पहिला जुना डॉमिनो रात्री, मोबाइलच्या टॉर्चवर बघून घेतला होता. पेटी कोरी, फोम जागच्या जागी, यंत्रावर ओरखडा नाही. आठवड्याने आठ फळ्यांचा टेबल-टॉप जोडायला घेतला, तेव्हा प्रत्येक जोडावर एक टोक वर आणि दुसरे खाली बसत होते. दोन दिवस रंधा मारून मी तो टॉप सरळ केला आणि दीड मिलिमीटर जाडी घालवली. पुढच्या पायऱ्या मी त्या टेबलामुळे शिकलो.

सहावी पायरी: वायर काढून तपासणी

आधी वायर काढा, मगच यंत्राला हात लावा. फेस्टूलची वायर यंत्रापासून सुटी होते, फिरवून लॉक होणारी. तिच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. वायर पूर्ण न फिरवता वापरली तर तिथे गरम होऊन प्लास्टिक वितळते, पिना काळ्या पडतात. असे दिसले तर भाग बदलावा लागेल. ते मोठे काम नाही, पण मालकाची सवय कळते.

मग स्क्रू बघा. डोक्यांच्या खाचा चावल्यासारख्या असतील तर यंत्र कुणीतरी उघडले आहे. कशासाठी, ते विचारा.

आता पान्याने मागची कळ उचला आणि मोटरचा भाग पुढच्या चौकटीपासून ओढून वेगळा करा. कटर बदलायला रोज हेच करावे लागते, त्यामुळे विक्रेत्याला यात वावगे वाटायला नको. वाटत असेल तर तेही लक्षात ठेवा. आतल्या दोन दांड्या नीट बघा. तेलकट धुळीचा थर असला तरी तो पुसता येतो. गंज, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे बंद पेटीत राहिलेल्या यंत्रावर, बोटाला खरखरीत लागतो. हलका गंज जातो, खड्डे जात नाहीत. दांडीवर एकाच बाजूला लांब ओरखडा असेल तर चौकट तिरकी चालत होती असे समजा.

कटर हाताने सावकाश फिरवा. फिरताना तो डावी-उजवीकडे सरकतो, तसा तो सरकायलाच हवा. आता कटर बोटात धरून वर-खाली हलवा. या दिशेने खडखड जाणवली तर बेअरिंग गेले आहे किंवा जायच्या वाटेवर आहे, आणि खोबण जाडीला मोठी पडेल. कटरचा दांडा अडवणारी स्पिंडल लॉकची कळ दाबून पकड बसते का बघा. कटरच्या आट्या नीट फिरतात का तेही बघा.

वरचे झाकणासारखे पान, ज्याला फेन्स म्हणतात, ते ० ते ९० अंशांत फिरवा. गुण्या लावून ९० वर खरोखर ९० आहे का तपासा. यंत्र हातातून पडले की बहुतेक वेळा आधी हेच पान आपटते. उंचीची कळ घट्ट केल्यावर फेन्स जरासुद्धा खाली सरकता कामा नये.

यंत्राच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना फळीची कड अडवायला थांबे असतात. जुन्या डॉमिनोंत त्या पिना असत, नंतरच्यांत आत दबणाऱ्या पट्ट्या आल्या. दोन्ही चालतात. मोडलेले नसावेत, स्प्रिंगने परत बाहेर यावेत.

सातवी पायरी: चालू करून

कान द्या. सुरुवात झटक्याने होऊ नये, आवाज हळूहळू चढला पाहिजे. एक मिनिट रिकामे चालवा. शिट्टीसारखा बारीक चढा आवाज, घासल्याचा आवाज किंवा लाखेसारखा जळका वास आला तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) किंवा बेअरिंगचा खर्च पुढे उभा आहे.

कार्बन ब्रश संपत आलेत म्हणून घाबरू नका, ते झिजायलाच असतात. तेवढ्यासाठी सौदा सोडू नका.

यंत्र चालू असतानाच वरची चकती फिरवून खोबणीची रुंदी बदला. तीन रुंद्या आहेत. ५०० मध्ये पहिली कुशाला घट्ट बसणारी, दुसरी त्याहून ६ आणि तिसरी १० मिलिमीटर जास्त. ही चकती मोटर फिरत असतानाच बदलायची असते. बंद यंत्रावर जोर लावून फिरवणारे बरेच असतात आणि त्याने आतली यंत्रणा बिघडते. तिन्ही जागी चकती टक् करून बसली पाहिजे. मात्र लाकडात कटर असताना ती फिरवू नका.

आठवी पायरी: दोन फळ्यांची परीक्षा

इथे घाई करू नका. विक्रेत्याला आधीच सांगा की अर्धा तास लागेल, चहा मागवा म्हणावे. व्हॅक्यूम असेल तर जोडायला लावा.

पहिली चाचणी जाडीची. घट्ट रुंदीवर एक खोबण पाडा, भुसा साफ करा आणि अस्सल कुसू हाताने आत घाला. थोडा जोर लावून जायला हवा आणि फळी उलटी केली तरी पडायला नको. कुसू आपणहून घसरून आत जात असेल आणि आत गेल्यावर वर-खाली डुलत असेल, तर वर सांगितलेली बेअरिंगची शंका खरी. मात्र आधी कटरची धार बघा. बोथट कटरने खोबणीच्या कडा जळतात आणि निष्कर्ष चुकतो. कुसू पावसाळ्यात उघडे ठेवलेले असतील तर ते फुगून घट्ट बसतात, त्यावरूनही फसायला होते.

दुसरी चाचणी खोलीची. एकाच सेटिंगवर एका फळीच्या कडेला आठ-दहा खोबणी पाडा. व्हर्नियरची मागची दांडी आत घालून पहिली, मधली आणि शेवटची मोजा. २० वर ठेवले असेल तर प्रत्येक जागी जवळजवळ सारखाच आकडा यायला हवा. आकडे वरखाली होत असतील तर खोलीचा थांबा झिजला आहे किंवा दांड्या अडकताहेत. तुम्ही यंत्र पूर्ण दाबले नसेल असेही होऊ शकते, म्हणून एकदा पुन्हा करा.

तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची, माझ्या टेबलने शिकवलेली. दोन्ही फळ्यांच्या चांगल्या बाजूवर पेन्सिलने खूण करा. दोन्हींवर फेन्स त्या खुणेच्या बाजूलाच टेकवा आणि एकमेकींना जोडायच्या लांब कडांमध्ये समोरासमोर दोन-दोन खोबणी पाडा. कुसू घालून, फेविकॉल न लावता, फळ्या क्लॅम्पने जोडा.

आता जोडावरून नख फिरवा. दोन्ही फळ्या वरून एका पातळीत आहेत का? मग लोखंडी पट्टी जोडाला आडवी ठेवून खालून टॉर्च मारा. फेन्स ९० अंशांत नसेल तर दोन फळ्या मिळून बारीकसा कोन करतात, छपरासारखा किंवा पन्हळीसारखा. आणि खोबण फेन्सला समांतर पडत नसेल, म्हणजे एका बाजूला किंचित कलती पडत असेल, तर एक-एक खोबण वेगळी तपासली की पिळ दिसतो. फळीतल्या खोबणीत कुसू अर्धा बाहेर ठेवून घाला. त्याच्या डाव्या आणि उजव्या कडेपासून खुणेच्या बाजूपर्यंतचे अंतर मोजा. दोन्ही सारखी हवीत. फळ्या समोरासमोर येतात तेव्हा एकीचा कल डावीकडे तर दुसरीचा उजवीकडे जातो, म्हणून यंत्रातली चूक जोडात दुप्पट होते. एकट्या खोबणीत दहावा भाग मिलिमीटर दिसला तर जोडात त्याच्या दुप्पट धरा.

फेन्सचा कोन थोडा चुकला असेल तर तो जुळवून घेता येतो. खोबणच कलती पडत असेल, तर चौकट किंवा पुढचे तोंड वाकलेले असण्याची शक्यता मोठी. असे यंत्र मी घेत नाही, भाव कितीही खाली आला तरी.

चौथी चाचणी बाजूच्या थांब्यांची. एका फळीत डावा थांबा कडेला टेकवून आणि दुसरीत उजवा टेकवून खोबण पाडा. जोडल्यावर दोन्ही फळ्यांची टोके एका रेषेत आली पाहिजेत. पाव मिलिमीटरचा फरक असेल तर पुढच्या कामात त्याच बाजूची खोबण घट्ट आणि बाकीच्या रुंद ठेवून निभावते. जास्त असेल तर भावात बोला.

नववी पायरी: भाव आणि कागद

सगळे ठीक असलेल्या, बिल आणि पेटीसह मिळणाऱ्या यंत्राला मी त्या दिवशीच्या नव्या किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंत जातो, त्यापुढे नाही. हा माझा स्वतःचा नियम आहे. कटर, जादा कुसू, आडवा थांबा असे सामान सोबत असेल तर त्याचा वेगळा हिशेब करा. वापरलेल्या कटरला नव्याचा भाव देऊ नका, कार्बाइडची कड चावलेली असते. १२० व्होल्टचे असेल तर ट्रान्सफॉर्मरचे पैसे वजा करा.

बिल नसेल तर निदान साध्या कागदावर पावती लिहून घ्या. त्यात मॉडेल, यंत्राच्या पाटीवरचा सिरियल नंबर, रक्कम, तारीख, विक्रेत्याचे नाव आणि सही असावी. पाटी खरवडलेली असेल तर सौदा तिथेच सोडा. चोरीचा माल आहे असे वाटण्याजोगे कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बांधकामाच्या साइटवरून अशी यंत्रे जातात हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पैसे यूपीआय किंवा बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते.

दहावी पायरी: वर्कशॉपमध्ये पहिला आठवडा

यंत्र आणल्यावर वेगळे करून आतली धूळ ब्रशने काढा, दांड्या पुसा आणि त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. जास्त तेल लावले की त्यावर भुसा चिकटून लगदा होतो.

व्हॅक्यूमशिवाय चालवू नका. नळीचे तोंड जुळत नसेल तर ॲडॅप्टर करून घ्या. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. मास्क लावा आणि पोरांनाही लावायला लावा.

कटर बदलताना दर वेळी वायर काढायची, एकाच कटरचे दोन मिनिटांचे काम असले तरी. आणि ५ मिलिमीटरचा कटर २० पेक्षा खोल नेऊ नका, तो मोडतो.

प्लायवाल्यांसाठी एक उपयोगी गोष्ट. ५०० च्या उंचीच्या पायऱ्या १६, २०, २२, २५, २८, ३६ आणि ४० मिलिमीटर जाडीसाठी आहेत. त्यात १८ नाही, आणि आपल्याकडे तर १८-१९ चा प्लायच सगळीकडे. घाबरू नका. २० ची पायरी ठेवा. खोबण अगदी मधोमध न पडता वरून १० वर पडेल. फक्त प्रत्येक तुकड्यावर फेन्स एकाच, म्हणजे दिसणाऱ्या बाजूला टेकवा. एक तुकडा चुकून उलटा धरला की जोडावर दोन मिलिमीटरची पायरी येते. म्हणून दिसणाऱ्या बाजूवर आधी पेन्सिलची खूण, मगच यंत्र.

रोजचा खर्च आता कुशांचा. बीच लाकूड ओलावा पटकन धरते. जूनमध्ये उघडी पिशवी ठेवली तर ऑगस्टमध्ये कुसू खोबणीत शिरत नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. फुगलेच तर बंद खोलीत बल्बखाली एक रात्र ठेवा, बहुतेक परत मापावर येतात. कापून उरलेले सागवानाचे तुकडे साठत असतील तर स्वतः कुसू करायला शिका. पट्टी व्हर्नियरने मापून खोबणीच्या जाडीला रंधा मारायची, कडा राऊटरच्या राउंड-ओव्हर बिटाने गोल करायच्या आणि तुकडे कापायचे. जाडीत केसभर चूक झाली तरी सांधा सैल होतो, म्हणून आधी एकच पट्टी करून खोबणीत बसवून बघा आणि मग बाकीच्या. दरवाजा, अंगणातला बाक अशा पावसात राहणाऱ्या कामाला सागवानाचा कुसू बीचपेक्षा चांगला.

तपासणीला नेलेल्या त्या दोन फळ्या चुलीत घालू नका. त्यांच्यावर तारीख, कटरचे माप आणि मोजलेले आकडे लिहून यंत्राच्या कपाटात ठेवा. यंत्र कधी हातातून सुटले, साइटवरून परत आले किंवा जोड बिघडायला लागले की फळ्यांच्या उरलेल्या कडांवर त्याच खोबणी पुन्हा पाडा आणि जुन्या आकड्यांशी ताडून बघा.